कर्नल कुठला ते नंतर, महिना कुठला ते आधी

लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी चालवतात त्या प्रणालीवर, काही बिघडलं आणि कुणा जाणकाराला विचारलं, की पहिला प्रश्न ठरलेला. कर्नल, म्हणजे त्या प्रणालीचा गाभा, कुठला? त्यामागोमाग डिस्ट्रो (लिनक्सचा अवतार कुठला), डेस्कटॉप, ड्रायव्हर. मला कुणी विचारलं तर मी आधी विचारतो, हे कधीपासून होतंय? पाऊस लागल्यावर की त्याआधी? पुण्यातला भाचा यावर हसतो. त्याचा लॅपटॉप एसीत असतो, त्याला हसायला परवडतं.

आमचं घर देवगडजवळ सड्यावर. सभोवती हापूसची कलमं, खाली समुद्र, आणि वारा पडवीतून शिरतो तो थेट मागीलदारी बाहेर पडतो. या वाऱ्यात मीठ असतं. खिडकीचे गज, गेटचं कुलूप, पंपाचा स्टार्टर, सगळं तो खातो. लॅपटॉपला का सोडेल? माझा लॅपटॉप कुठल्याशा कंपनीने मोडीत काढलेला, लॅमिंग्टन रोडवरून घेतलेला. त्यात सॅटा जोडणीची एसएसडी, म्हणजे माहिती साठवायची डिस्क, बसवली, उबंटू २२.०४ हा लिनक्सचा अवतार टाकला. हंगामात पेट्यांची बिलं, पार्सलची लेबलं, कुणाकडून किती येणं आहे त्याचा हिशेब, सगळं लिब्रेऑफिसात. एरवी फवारणीच्या नोंदी आणि माझी ही हौस.

तर मे महिन्यातला बग आधी सांगतो, कारण त्याने सगळ्यात जास्त छळलं.

एप्रिल अर्धा सरला, म्हणजे नेमकी पेट्या भरण्याची घाई सुरू झाली, की कर्सर पिसाळायचा. टचपॅडवर बोट ठेवावं तर बाण थरथरतो. दोन बोटांनी शीट खाली सरकवावी तर ती झूम होते. कधी हात मांडीवर असताना क्लिक पडतो. ऐन बिलं काढताना हे झालं की गिऱ्हाइकाच्या नावावर डझन कुठे आणि रक्कम कुठे जाईल सांगता येत नाही.

यावर जे उपाय लोक सांगतात ते सगळे केले. पीएसमाउस मॉड्यूल, म्हणजे टचपॅडचा ड्रायव्हर, काढून परत चढवलं. बूटच्या ओळीत, म्हणजे चालू होताना कर्नलला द्यायच्या सूचनांत, आय८०४२.नोमक्स घातलं. टचपॅडची संवेदनशीलता वरखाली केली. ढिम्म फरक नाही. डीमेसेज, म्हणजे कर्नलने स्वतः लिहिलेल्या नोंदी, उघडून बघितलं तर तिथेही शांतता. टचपॅडचा ड्रायव्हर गोंधळला की कर्नलच्या लॉगमध्ये ‘लॉस्ट सिंक’सारखं काहीतरी लिहून येतं. इथे एक अक्षर नाही.

मग टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, लिबइनपुट डीबग-इव्हेंट्स लावलं. ज्यांनी हे कधी चालवलं नसेल त्यांनी एकदा चालवून बघाच. टचपॅडला, माउसला, कीबोर्डला जे जे जाणवतं त्याची एकेक ओळ पडद्यावर पडत जाते. मी बोट उचललं, हात मागे घेतला, खुर्ची मागे सरकवली. ओळी पडतच होत्या. लॉग स्वच्छ आणि ओळी चालू, याचा अर्थ सरळ होता. टचपॅड जे सांगतोय ते लिनक्स इमानाने पुढे पोचवतोय. खोटं टचपॅडच बोलतोय, किंवा त्याला कुणीतरी बोलायला लावतंय.

चार्जरची पिन काढली. ओळी थांबल्या. लावली, सुरू झाल्या.

आईने खरं तर हे आधीच सांगितलं होतं, तिच्या भाषेत. पडवीतल्या टेबलावरून सुपारीचं तबक उचलताना तिचा हात लॅपटॉपच्या कडेला लागला होता. “माझ्या हाताक झिणझिण्यो इल्यो. बंद कर तो डबो.” मी टेस्टर आणून खालच्या धातूच्या स्क्रूला लावला, तर आतला दिवा मंद पेटला.

होतं ते असं. चार्जरच्या आत मेनची बाजू आणि लॅपटॉपची बाजू यांच्यामध्ये एक छोटा कपॅसिटर असतो, विजेतली खरखर गिळण्यासाठी. त्यातून अगदी थोडा करंट पलीकडे झिरपतो आणि तो तिसऱ्या पिनेवाटे अर्थिंगला जावा अशी योजना असते. अर्थिंग नसेल तर जायला वाट नाही, मग लॅपटॉपची बॉडी २३० व्होल्टच्या साधारण निम्म्यावर तरंगत राहते. करंट इतका किरकोळ की त्याने माणसाला इजा होत नाही, झिणझिण्या येतात एवढंच. पण टचपॅडचं काम बोटामुळे पडणारा विजेच्या प्रभारातला बारीकसा फरक मोजण्याचं. सगळी बॉडीच सेकंदाला पन्नास वेळा डोलत असेल आणि त्यावर चार्जरची खरखर स्वार असेल, तर त्याला नसलेली बोटं दिसणारच. याला कुठला ड्रायव्हर काय करणार?

आमच्या घरात प्लग तीन पिनांचे आहेत, वायरिंगमध्ये हिरवी वायरही आहे. मग अर्थिंग गेलं कुठे? आणि एप्रिलमध्येच का जातं?

वायरमनला बोलावलं. त्याच्याकडे मीटर होता, पण त्याने पिशवीतून होल्डरला लावलेला साधा बल्ब काढला. त्याच्या दोन वायरी फेज आणि न्यूट्रलला लावल्या, बल्ब झगझगीत. न्यूट्रलची वायर काढून अर्थला लावली, तर आतली तार नुसती लालसर झाली, विडीच्या टोकाएवढी. “दादा, तुमचो अर्थ सुकलो,” म्हणाला. (हा प्रयोग कुणी स्वतः करू नये. घरात ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, असेल तर तो लगेच पडेल, आणि नसेल तर आधी तो बसवून घ्यावा. आमच्याकडे नव्हता. त्यावरून वायरमनने जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.)

मागीलदारी चिकूखाली अर्थिंगचा खड्डा आहे. प्लेट पुरलेली, वर कोळसा आणि मीठ. पण खाली सगळा जांभा. जांभ्यात खोल खणता येत नाही, आणि पाणी त्यात टिकत नाही, चाळणीतून जावं तसं जातं. पावसाळ्यात, पुढे थंडीपर्यंत, खड्ड्यात ओल असते तेव्हा अर्थिंग उत्तम. होळी झाली की ओल संपते, आणि एप्रिलच्या मध्यावर त्या प्लेटचा जमिनीशी संबंध जवळजवळ तुटतो. जूनमध्ये पाऊस पडला की टचपॅड आपोआप बरा. जूनपर्यंत कुठलं ना कुठलं अपडेटही येऊन गेलेलं असतंच, त्यामुळे श्रेय त्याला. ‘अमुक व्हर्जनमध्ये बग गेला’ असं लिहून मोकळे झालेले काहीजण आमच्यासारख्या कातळावर राहत असतील अशी मला दाट शंका आहे.

न्हाणीचं पाणी जिथून वाहतं तिथे नवीन पाइप पुरून अर्थिंग केलं. कोळसा, मीठ, आणि वर रोजच्या अंघोळीचं पाणी. ईएलसीबी बसवला. कर्सर सरळ चालायला लागला आणि टचपॅडच्या सेटिंग जशा मूळ होत्या तशा परत केल्या.

आता पाऊस.

आमच्या जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पण लॅपटॉपला मारतो तो पाऊस नव्हे, हवा. स्वयंपाकघरातल्या बरणीत मिठाला पाणी सुटलं की समजावं, लॅपटॉपच्या आतही तेच चाललंय. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतः विरघळतं. उन्हाळाभर वाऱ्याने आत नेऊन टाकलेलं मीठ कोरडं असेपर्यंत निरुपद्रवी असतं. आर्द्रा लागेपर्यंत त्याचा पातळ थर होतो, आणि खारं पाणी वीज वाहून नेतं, तांबंही खातं.

माझ्याकडे त्याचं रूप असं दिसलं. काम चालू असताना अचानक फाइल सेव्ह होईना. ‘रीड-ओन्ली फाइल सिस्टिम’. टर्मिनलमध्ये साधी आज्ञा दिली तरी ‘इनपुट-आउटपुट एरर’. बंद करून चालू केलं की काहीच झालं नाही असा चेहरा करून उबंटू हजर. तालुक्याच्या दुकानात दाखवलं तर तिथल्या पोराने न उघडता सांगितलं, एसएसडी गेली, नवीन टाका.

यात एक पेच आहे तो लक्षात घेण्यासारखा आहे. जर्नलसीटीएल या आज्ञेला मागच्या बूटचा, म्हणजे मागच्या वेळी लॅपटॉप चालू होता तेव्हाचा, लॉग विचारायची सवय चांगली, पण लॉग लिहायचा तो डिस्कवर, आणि डिस्कच गळाली तर तो क्षण लिहिणार कोण? मागच्या बूटचा लॉग बघावा तर तो शेवटच्या काही मिनिटांआधीच संपलेला. म्हणून मी एका कोपऱ्यात टर्मिनल उघडून त्यात सुडो डीमेसेज डॅश डब्ल्यू लावून ठेवला. कर्नलचे संदेश मेमरीत असतात, ते तिथे पडत राहतात, डिस्क असो वा नसो. पुढच्या वेळी अडकलं तेव्हा मोबाइलवर त्याचा फोटो काढला.

फोटोत सगळं होतं. एटीए१ वर, म्हणजे डिस्कच्या जोडणीवर, ‘फेल्ड कमांड, रीड एफपीडीएमए क्यूड’. त्याच्याखाली ‘बॅड सीआरसी’. मग ‘हार्ड रीसेटिंग लिंक’, पुन्हा तेच, पुन्हा तेच. मग कर्नल म्हणतो, सॅटाचा वेग कमी करून बघतो. तोही उपाय हरला की शेवटी डिस्कवरच्या फाइली सांभाळणारी ईएक्सटी४ हात वर करून फाइल सिस्टिम फक्त वाचण्यापुरती ठेवते.

इथे ‘बॅड सीआरसी’ या शब्दांवर थांबायचं. डिस्कच्या पोटात जागा खराब झाली तर चुका वेगळ्या येतात. सीआरसीची चूक म्हणजे माहिती एका टोकाकडून निघाली ती दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत वाटेत बदलली. म्हणजे संशय वाटेवर. खात्रीसाठी डिस्कची तब्येत सांगणारा स्मार्टसीटीएल चालवला. त्यात ५ नंबरची ओळ, बदली केलेल्या सेक्टरांची, शून्य. १९७ नंबरची, अडलेल्या सेक्टरांची, तीही शून्य. आणि १९९, यूडीएमए सीआरसी एरर काउंट, फुगलेली. दुकानातल्या पोराला हे दोन मिनिटांत दिसलं असतं. पण नवीन एसएसडी विकण्यात जो आनंद आहे तो जुनी पुसण्यात नाही.

चार्जर काढला, बॅटरी काढली, पॉवरचं बटण दाबून धरून उरलीसुरली वीज घालवली आणि मग खालचं झाकण उघडलं. (पावसाळ्यात स्टॅटिक विजेची भीती कमी असते, या हवेचा एवढाच एक उपकार.) एसएसडी सरकवून बाहेर घेतली. तिच्या टोकाला सोनेरी दातांची रांग असते. उजेडाकडे तिरकी धरली तेव्हा दिसलं, मधल्या काही दातांवर मळकट, हिरवट धूसर थर, दवाने ओली झालेली काच सुकल्यावर दिसते तसा. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातलं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडाच्या चिंधीला लावून पुसलं, चिंधीवर हिरवा डाग उतरला. लॅपटॉपमधल्या सॉकेटमध्ये चिंधी जात नाही, तिथे जुना टूथब्रश. खोडरबरानेही निघतं, पण जोर लावला तर सोन्याचा मुलामाच निघतो आणि पुढच्या वर्षी दुप्पट गंजतं, म्हणून मी रबर टाळतो. मेडिकलमधल्या स्पिरिटमध्ये पाणी असतं, तेही नको.

झाकण लावून चालू केलं. १९९ चा आकडा तेवढाच. बघणारा घाबरतो, पण तो आकडा जन्मभराचा असतो, कधी कमी होत नाही. बघायचं ते वाढतो का. वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवला, गणपती येऊन गेले तरी तोच होता. त्या एसएसडीवरच हे लिहितोय.

तेव्हापासून पावसात लॅपटॉप रोज थोडा वेळ तरी चालू ठेवतो. चालू असला की आतून कोमट राहतो, ओल धरत नाही. कपाटात गुंडाळून ठेवलेली यंत्रंच आधी जातात, हे मिक्सरपासून टीव्हीपर्यंत सगळ्यांना लागू आहे.

कीबोर्डचं थोडक्यात सांगतो. एक की आपोआप दाबली जाते अशी तक्रार आली, तर आधी उबंटूकडे बघूच नये. लॅपटॉप चालू करताना बायॉसच्या पडद्यावर जावं आणि तिथे नुसतं बसावं. तिथेही पट्टी आपोआप सरकत असेल तर लिनक्स अजून झोपेतून उठलेलंसुद्धा नाही, त्याला दोष देण्यात अर्थ नाही. दुसरी खूण ग्रबची, म्हणजे उबंटू चालू करून देणाऱ्या प्रोग्रामची. ग्रबच्या मेन्यूत सेकंद उलटे मोजले जातात आणि कुठलीही की दाबली की मोजणी थांबते. कुणी हात न लावता ती थांबत असेल तर कीबोर्डच्या पडद्यांमध्ये ओल गेली आहे. नवीन कीबोर्ड येईपर्यंत यूएसबीचा लावावा आणि आतल्याला गप्प करावं. कर्नल ५.११ पासून त्याची सोय आहे: सिस फाइल सिस्टिममध्ये प्रत्येक इनपुट उपकरणाच्या फोल्डरात ‘इनहिबिटेड’ नावाची फाइल असते, तिच्यात १ लिहिलं की ते उपकरण बोलायचं बंद होतं. आज्ञा देण्याआधी यूएसबीचा कीबोर्ड लावलेला असावा, हे वेगळं सांगायला नको.

विजेचा खेळ मात्र बाराही महिने. शेजारच्या काकूंची मुलगी कणकवलीला शिकते, तिच्या लॅपटॉपवर मीच उबंटू टाकून दिलं होतं. एका संध्याकाळी तिचा फोन.

“दादा, काळ्या पडद्यार पांढरी अक्षरां इली आणि थांबली.”

“कॅप्स लॉकचा दिवा बघ. पेटतोय, विझतोय, असं चाललंय?”

“होय तर! तुमका कसा कळला?”

कर्नल पॅनिक झालं, म्हणजे पुढे जाताच येईना म्हणून थांबलं, की कीबोर्डचे दिवे असे उघडझाप करतात. फोनवरून निदान करणाऱ्याला याच्याइतकी सोयीची खूण नाही. शेवटच्या ओळी वाचायला सांगितल्या. तिने अडखळत वाचलं: अनेबल टू माउंट रूट एफएस, अननोन-ब्लॉक, कंसात शून्य शून्य. ऐकायला हे डिस्क मेल्यासारखं वाटतं. बहुतेक वेळा इतकंच असतं, की नव्या कर्नलची इनिटरॅमएफएस फाइल तयार झालेली नाही, त्यामुळे डिस्क कशी उघडायची हे त्याला ठाऊकच नाही.

“काल काही अपडेट करत होतीस?”

“करी होतंय, मगे लाइट गेली. बॅटरी चाळीस दाखवी होती, तरी एकदम बंद पडलो.”

झालं, उलगडलं. बॅटरी जुनी. युपॉवर डॅश डी केल्यावर मूळ क्षमतेच्या किती उरली ते दिसतं, तिची निम्मीसुद्धा नव्हती. अशी बॅटरी चाळीस म्हणते आणि एका दमात शून्यावर येते. कर्नलचं पॅकेज अर्धं बसलेलं असताना दिवे गेले.

तिला सांगितलं, चालू करताना एस्केप एकदाच दाब, सारखी दाबलीस तर ग्रबचा नुसता प्रॉम्प्ट येईल. ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जा, वरून दुसरं कर्नल, कंसात रिकव्हरी नसलेलं, ते घे. जुनं कर्नल काढून न टाकण्याचं उबंटूचं शहाणपण अशा वेळी कळतं. लॅपटॉप सुरू झाला. मग सुडो डीपीकेजी कॉन्फिगर डॅश ए, म्हणजे अर्धवट राहिलेली सगळी पॅकेजं पूर्ण करून घेणं, आणि शेवटी अपडेट-ग्रब. रीस्टार्ट केल्यावर नवं कर्नल मुकाट्याने चालू झालं. फोनवर काकूंचा आवाज आला, “पैशे किती म्हणतत विचार.” मी आमसुलं मागितली.

राहिला तो एकच बग, आणि त्याला ना पाऊस लागतो ना ऊन. झाकण लावून लॅपटॉप झोपवला आणि उठवला की वायफाय परत येत नाही. पिन काढून, लावून, अल्कोहोलने कार्डाचे दात पुसून, मेमध्ये, ऑगस्टमध्ये, डिसेंबरमध्ये, सगळं करून बघितलं, तो तसाच. कर्नल ५.१५ वर होत नाही, ६.८ वर दर वेळी होतं. इतकं स्वच्छ उत्तर मिळालं की हा बग सॉफ्टवेअरचा, यात मला शंका उरली नाही. तूर्त ग्रबमध्ये ५.१५ कायम करून ठेवलंय. दोन्ही कर्नलचे झोपण्या-उठण्याचे लॉग शेजारी शेजारी ठेवले, फरकाच्या ओळी वेगळ्या काढल्या आणि उबंटू-बग लिनक्स या आज्ञेने तक्रार नोंदवली. उत्तर आलंय, मेनलाइन, म्हणजे उबंटूने बदल न केलेलं मूळ, कर्नल टाकून तपासा. ती पॅकेजं उतरवायला सड्यावरची रेंज पुरत नाही, त्यामुळे बाजाराच्या दिवशी लॅपटॉप घेऊन खाली देवगडात जाईन.